अणुवीज आणि लोकमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न दोन प्रकारच्या वाचकांकडून येतात. काहींवर अणुवीज लोकांना समजावून सांगण्याची जबाबदारी असते. काहींच्या घराजवळ प्रकल्प येऊ घातलेला असतो आणि आपल्याला जे सांगितले जात आहे ते त्यांना पारखून घ्यायचे असते. दोघांसाठी उत्तरे वेगवेगळी लिहिण्याचा मोह टाळला आहे.

लोकांना नीट माहिती दिली, तर विरोध आपोआप मावळतो का?

बहुतेक वेळा मावळत नाही. लोकांना कळत नाही म्हणून ते घाबरतात आणि कळले की घाबरणार नाहीत, ही समजूत अणुउद्योगात दीर्घकाळ रुजलेली आहे. आजही अनेक माहितीपुस्तिका तिच्याच आधारे लिहिल्या जातात. तिच्यातला मोठा दोष असा की, अज्ञान फक्त एकाच बाजूला आहे असे ती गृहीत धरते.

इंग्लंडच्या वायव्येकडील कंब्रियातल्या मेंढपाळांचा अनुभव या संदर्भात सविस्तर पाहण्यासारखा आहे. तत्कालीन सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुप्रकल्पातील अपघातानंतर मे १९८६ मध्ये तिथल्या डोंगरउतारांवर पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम उतरले. जूनमध्ये सरकारने मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि ती तीन आठवड्यांत उठेल असे सांगितले. हा अंदाज चिकणमातीच्या जमिनीवरील अनुभवावर बेतलेला होता. चिकणमाती सीझियमला धरून ठेवते, त्यामुळे ते गवतात फारसे चढत नाही. पण डोंगरावरच्या आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींनी बनलेल्या मातीत ते मोकळे राहते, गवतात जाते, गवतातून मेंढीत आणि मेंढीच्या लेंड्यांतून पुन्हा मातीत येते. तीन आठवड्यांची बंदी अनिश्चित काळासाठी वाढवली गेली आणि तिथले शेवटचे निर्बंध २०१२ मध्ये उठले.

दरम्यान, मेंढ्यांना दूषित कुरणाऐवजी पेंढा खायला घालावा असाही सल्ला तज्ज्ञांकडून आला. डोंगरात वाढलेली मेंढी पेंढ्याला तोंड लावत नाही, हे त्या भागातल्या कोणाही मेंढपाळाने सांगितले असते. परंतु त्याला विचारले कोणी नव्हते. त्यातच शेजारी विंडस्केलचे अणुकेंद्र होते. १९५७ साली तिथल्या अणुभट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातले दूध ओतून द्यावे लागले होते. त्यामुळे हे सीझियम सगळेच चेर्नोबिलचे कशावरून, असा प्रश्न मेंढपाळांनी विचारला, आणि त्यात अडाणीपणा काहीच नव्हता. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या प्रकरणाचा अभ्यास करून दाखवून दिले की, मेंढपाळांचा विश्वास उडाला तो विज्ञान न कळल्यामुळे नव्हे. शास्त्रज्ञांनी अनिश्चित गोष्ट निश्चित म्हणून सांगितली आणि जमिनीच्या जाणकारांना जमेस धरले नाही, म्हणून तो उडाला.

समज आणि स्वीकृती यांत फरक काय?

समज म्हणजे विषय कळणे. स्वीकृती म्हणजे कळलेल्या गोष्टीला आपल्या आयुष्यात जागा देणे. पहिली आली की दुसरी येतेच असे नाही.

जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पात २०११ च्या अपघातानंतर साठवलेल्या दूषित पाण्याचे उदाहरण घेऊ. प्रक्रिया केलेल्या या पाण्यात प्रामुख्याने ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप, उरते. पाणी समुद्रात सोडण्यापूर्वी ट्रिटियमचे प्रमाण प्रतिलिटर १,५०० बेक्वेरेलच्या (किरणोत्साराचे एकक) खाली आणण्याचे ठरले. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य १०,००० बेक्वेरेल आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलै २०२३ मध्ये ही योजना सुरक्षा मानकांशी सुसंगत असल्याचे म्हटले आणि २४ ऑगस्ट २०२३ रोजी पाणी सोडण्यास सुरुवात झाली. तरीही मच्छीमारांचा विरोध कायम राहिला. ट्रिटियम म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. एव्हाना ते अनेक पत्रकारांपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक होते. त्यांचा आक्षेप असा होता की, संबंधितांच्या संमतीखेरीज पाणी सोडणार नाही असा शब्द त्यांना २०१५ मध्ये देण्यात आला होता, आणि ग्राहकाने मासळीकडे पाठ फिरवली तर नुकसान त्यांचेच होणार होते. जपानी भाषेत वस्तुनिष्ठ सुरक्षिततेला 'आनझेन' आणि मनाच्या निश्चिंतीला 'आनशिन' असे दोन निराळे शब्द आहेत. या वादात ते दोन्ही पुन्हा पुन्हा ऐकू आले.

आकडे पाहता धोका लहान दिसतो. मग भीती एवढी मोठी का?

कारण माणसे धोका केवळ मृत्यूंच्या संख्येवरून मोजत नाहीत. अमेरिकन अभियंता चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्येच मांडले होते की, स्वतःहून पत्करलेला धोका माणूस लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजारपट अधिक सहन करतो. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मांडणीत भीतीचे दोन मुख्य आस दाखवले: धोका किती धास्ती वाटण्याजोगा, आवाक्याबाहेरचा आणि सामूहिक आहे, हा एक; तो किती अनोळखी, अदृश्य आणि उशिरा परिणाम करणारा आहे, हा दुसरा. अणुऊर्जा दोन्ही आसांवर अगदी टोकाला बसते. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, त्याचा परिणाम वीस वर्षांनी दिसू शकतो, आणि या तंत्रज्ञानाची जगाला पहिली ओळख १९४५ मध्ये हिरोशिमात झाली.

या भीतीला सरसकट अविवेकी म्हणणे चुकीचे आहे. धोका कोण ठरवतो, फायदा कोणाला मिळतो आणि चूक झाली तर ती कबूल केली जाईल का, हे प्रश्न तिच्यात दडलेले असतात. मृत्यूदराच्या तक्त्यात त्यांची उत्तरे सापडत नाहीत.

किरणोत्सर्गाविषयी सोप्या भाषेत कसे सांगावे? केळ्याशी तुलना चालेल का?

नैसर्गिक किरणोत्सर्गापासून सुरुवात करणे योग्य ठरते. जमीन, अवकाश, अन्न आणि हवेतला रेडॉन वायू यांतून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) इतकी मात्रा मिळते. छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण ७ मिलिसीव्हर्ट मिळतात. अणुउद्योगासारख्या स्रोतांपासून सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या मात्रेची आंतरराष्ट्रीय शिफारशीतील मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे, तर कर्मचाऱ्यांसाठी ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे. सुरळीत चालणाऱ्या प्रकल्पाच्या शेजाऱ्याला मिळणारी वाढीव मात्रा या सर्वांच्या तुलनेत फारच थोडी असते.

केळ्यात किरणोत्सारी पोटॅशियम-४० असते हे खरे आहे. मात्र शरीर पोटॅशियमची पातळी स्वतःच राखते, त्यामुळे खाल्लेल्या प्रत्येक केळ्याने मात्रा साठत जात नाही. म्हणजे ही तुलना शास्त्रीयदृष्ट्याही फारशी घट्ट नाही. शिवाय चिंतेत असलेल्या आईला केळ्याचे उदाहरण दिले, तर तिच्या कानी एकच गोष्ट पडते: माझी चेष्टा चालली आहे. सीटी स्कॅनच्या तुलनेतही अशीच अडचण आहे, कारण स्कॅन माणूस स्वतःच्या उपचारासाठी, स्वतःच्या होकाराने करून घेतो. तुलना प्रमाण कळावे म्हणून द्यावी. ती दिली म्हणून समोरच्याने मान्यता द्यावी, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

अणुभट्टीचा अणुबॉम्बसारखा स्फोट होऊ शकतो का?

नाही. वीजनिर्मितीच्या बहुतेक अणुभट्ट्यांच्या इंधनात विखंडनक्षम युरेनियम-२३५ चे प्रमाण ३ ते ५ टक्के असते, काही प्रकारांत त्याहूनही कमी. शस्त्रासाठी ते ९० टक्क्यांच्या आसपास लागते आणि रचनाही पूर्णपणे निराळी लागते. परंतु 'स्फोट होऊच शकत नाही' असे वाक्य कधीही लिहू नये. चेर्नोबिलमध्ये अणुभट्टीची शक्ती अनियंत्रितपणे वाढून वाफेच्या दाबाने ती फुटली, आणि फुकुशिमात हायड्रोजनच्या स्फोटाने इमारतींची छपरे उडाली. जगाने ती दृश्ये पाहिलेली आहेत.

चेर्नोबिल आणि फुकुशिमाविषयी किती सांगावे?

सर्व सांगावे, आणि कोणी विचारण्याआधी सांगावे.

चेर्नोबिल येथे २६ एप्रिल १९८६ रोजी झालेल्या अपघातानंतर १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्ग-आजार झाला आणि त्यांपैकी २८ जण त्याच वर्षी दगावले. दूषित दुधातून किरणोत्सारी आयोडीन-१३१ पोटात गेल्यामुळे लहान मुलांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. २००५ पर्यंत, अपघाताच्या वेळी मुले किंवा किशोरवयीन असलेल्यांत असे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतले बहुसंख्य उपचारांनी वाचले. वेळीच ते दूध थांबवले असते, तर यांतले पुष्कळ आजार टळले असते, ही गोष्ट आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे. एकूण मृत्यूंबाबत २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या चेर्नोबिल फोरमने सर्वाधिक बाधित सुमारे सहा लाख लोकांत अंतिमतः चार हजारांपर्यंत मृत्यू होऊ शकतील असा अंदाज दिला. इतर अंदाज याहून बरेच मोठे आहेत. फरक मुख्यतः यामुळे पडतो की, कोट्यवधी लोकांना मिळालेल्या अतिसूक्ष्म मात्रांचा हिशेब धरायचा की नाही, आणि धरायचा तर कोणत्या गृहीतकाने. आपल्या बाजूचा एकच आकडा उचलण्याऐवजी हा फरक समजावून सांगणे अधिक प्रामाणिक आहे.

फुकुशिमाची गोष्ट वेगळी आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले आणि दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला रहिवाशांच्या आरोग्यावर थेट किरणोत्सर्गामुळे झालेला अपाय आढळलेला नाही. पण स्थलांतराची ओढाताण, रुग्णालयांतून घाईने हलवलेले वृद्ध, उपचारांत पडलेला खंड आणि नैराश्य यांतून त्या प्रांतात ओढवलेले दोन हजारांहून अधिक मृत्यू अधिकृतपणे आपत्तीशी संबंधित म्हणून नोंदले गेले आहेत. त्यामुळे 'किरणोत्सर्गाने कोणी मेले नाही' हे वाक्य एवढ्यावरच सोडले, तर आप्त गमावलेल्या माणसाला ते खोटेपणाचे वाटते.

अपघाताच्या वेळी काय बोलावे?

जे ठाऊक आहे ते लगेच सांगावे, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगावे, आणि पुढची माहिती केव्हा मिळेल तेही सांगावे. हे लिहायला सोपे आहे, पण प्रत्यक्षात क्वचितच घडते.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड येथे २८ मार्च १९७९ रोजी अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला, पण बाहेर पडलेला किरणोत्सर्ग अल्प होता. तरीही परस्परविरोधी निवेदने आली, अणुभट्टीतल्या हायड्रोजनच्या बुडबुड्याचा स्फोट होईल अशी पुढे निराधार ठरलेली भीती पसरली, आणि गर्भवती स्त्रिया व लहान मुलांनी ८ किलोमीटरच्या परिघाबाहेर जावे असा सल्ला दिला गेला. तो मोजक्यांसाठी होता; प्रत्यक्षात लाखाहून अधिक लोक निघून गेले. अध्यक्षांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने निष्कर्ष काढला की, आरोग्यावरचा सर्वांत गंभीर परिणाम मानसिक ताणाचा होता.

फुकुशिमात शब्द लपवले गेले. गाभा वितळल्याचे प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीने मे २०११ मध्ये मान्य केले, आणि तो शब्द वापरू नका अशी सूचना कंपनीच्या तत्कालीन अध्यक्षांनीच दिली होती हे २०१६ च्या चौकशीत बाहेर आले. अपघाताची आंतरराष्ट्रीय श्रेणी आधी ४, मग ५ आणि १२ एप्रिल रोजी एकदम ७, म्हणजे सर्वोच्च, झाली. किरणोत्सारी पदार्थ वाऱ्याबरोबर कोणत्या दिशेने जातील याचे संगणकीय अंदाज वेळेवर रहिवाशांपर्यंत पोचले नाहीत, आणि नामिए गावातले काही लोक सुरक्षित समजून नेमके त्याच दिशेला जाऊन राहिले. घबराट टाळण्यासाठी गप्प बसलो, असे समर्थन अशा वेळी ऐकायला मिळते. सोव्हिएत सरकारही १९८६ मध्ये असेच गप्प बसले होते. स्वीडनमधल्या फोर्समार्क प्रकल्पात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सार आढळला आणि २८ एप्रिलला जगाला सुगावा लागला.

आयोडीनच्या गोळ्या आधीच वाटल्या, तर लोक घाबरणार नाहीत का?

थोडे घाबरतील, पण गोळी ऐनवेळी शोधावी लागली तर अधिक घाबरतील. या गोळ्यांतले पोटॅशियम आयोडाइड थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने भरून टाकते, त्यामुळे किरणोत्सारी आयोडीनला तिच्यात जागा उरत नाही. मात्र वेळ चुकली की उपयोग झपाट्याने घटतो, आणि इतर किरणोत्सारी पदार्थांवर तिचा काहीच परिणाम होत नाही. स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये प्रकल्पांच्या परिसरात गोळ्या आगाऊ दिल्या जातात.

किरणोत्सर्ग कोणी मोजावा?

प्रकल्पाने, नियामकाने, आणि दोघांशीही लागेबांधे नसलेल्या कोणीतरी. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या अधिकृत यंत्रणेने चेर्नोबिलच्या ढगाचा परिणाम नगण्य असल्याचे सांगितले. त्यावर अविश्वास दाखवून नागरिकांनी त्याच वर्षी 'क्रिराड' ही स्वतंत्र प्रयोगशाळा उभी केली. जपानमध्ये २०११ नंतर 'सेफकास्ट' या गटाने साधी उपकरणे बनवून स्वयंसेवकांकरवी रस्तोरस्तीची मोजमापे खुली केली. अधिकाऱ्यांना अशी मोजमापे प्रारंभी उपद्रव वाटतात. परंतु दोन स्वतंत्र आकडे जुळले की जो भरवसा निर्माण होतो, तो कोणत्याही जाहिरातीने होत नाही. आणि ते जुळले नाहीत, तर ते कळणे सर्वांच्याच हिताचे असते.

फ्रान्समधल्या स्थानिक माहिती समित्याही विचारात घेण्यासारख्या आहेत. १९८१ पासून त्यांना उत्तेजन मिळाले आणि २००६ च्या कायद्याने भक्कम आधार लाभला. त्यांत लोकप्रतिनिधींबरोबर पर्यावरण संघटना, कामगार संघटना आणि तज्ज्ञ बसतात आणि प्रकल्पाला थेट प्रश्न विचारतात.

अणुकचऱ्याचे काय करणार, या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

तांत्रिक उत्तर देणे त्यामानाने सोपे आहे. हजार मेगावॉटची अणुभट्टी वर्षाला साधारण २० ते ३० टन वापरलेले इंधन बाहेर काढते. ते काही वर्षे पाण्यात थंड करून नंतर पोलाद आणि काँक्रीटच्या कोरड्या पिंपांत ठेवता येते, आणि अखेरीस स्थिर खडकात खोल पुरता येते. अवघड आहे तो त्याचा सामाजिक भाग: हा खडक कोणाच्या गावाखालचा?

जर्मनीने १९७७ मध्ये गोरलेबेनची निवड वरून जाहीर केली. दशकानुदशके आंदोलने झाली आणि २०२० मध्ये भूशास्त्रीय कारणांवरून ती जागा यादीतूनच वगळण्यात आली. अमेरिकेच्या संसदेने १९८७ मध्ये इतर पर्याय बाजूला सारून फक्त नेवाडातल्या युका पर्वताचाच अभ्यास करायचे ठरवले. त्या राज्याने अखेरपर्यंत विरोध केला आणि तिथे आजही कचरा गेलेला नाही.

फिनलंडमध्ये कायद्यानेच स्थानिक नगरपालिकेला नकाराधिकार आहे. एउराजोकी नगरपालिकेने २००० साली होकार दिला, संसदेने २००१ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि तिथे सुमारे ४३० मीटर खोलीवर ओन्कालो हे भांडार उभे राहिले आहे. स्वीडनमध्ये ज्या फोर्समार्कने चेर्नोबिलची बातमी जगाला दिली, तीच जागा २००९ मध्ये भांडारासाठी निवडली गेली. तिथल्या नगरपालिकेनेही नकाराधिकार हाती असताना २०२० मध्ये होकार दिला. या दोन्ही ठिकाणी आधीपासून अणुप्रकल्प होते, लोकांना या उद्योगाचा परिचय होता आणि रोजगारही होता, हे विसरता कामा नये. नकाराधिकार ही काही जादूची कांडी नाही. तरीही जिथे 'नाही' म्हणण्याची मुभा होती तिथे 'हो' मिळाला, आणि जिथे ती नव्हती तिथे अर्धशतक वाया गेले, हा योगायोग मानणे कठीण आहे.

आर्थिक लाभ देऊ केला, तर संमती लवकर मिळते का?

कधी कधी उलटेच घडते. स्वित्झर्लंडमधल्या वोल्फेनशीसेन या गावात १९९३ मध्ये अर्थतज्ज्ञ ब्रुनो फ्राय आणि फेलिक्स ओबरहोल्झर-गी यांनी रहिवाशांना विचारले, तेव्हा सुमारे ५१ टक्के लोकांनी अणुकचऱ्याचे भांडार स्वीकारण्याची तयारी दाखवली. दरवर्षी मोबदला मिळेल असे सांगताच ते प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवर आले. जे कर्तव्य म्हणून स्वीकारायला लोक तयार होते, त्याला पैशामुळे सौद्याचे रूप आले. याचा अर्थ लाभ देऊच नये असा नाही. ज्याची जमीन किंवा उपजीविका जाते, त्याला भरपाई मिळणे हा त्याचा हक्क आहे. मात्र हक्काची भरपाई आणि होकारासाठी लावलेली बोली यांत गल्लत झाली, की दोन्ही संशयास्पद ठरतात.

हवामानबदलाचा मुद्दा पुढे करावा का?

करावा, पण एकटा नव्हे. आंतरसरकारी हवामान समितीच्या २०१४ च्या अहवालानुसार, संपूर्ण आयुष्यचक्र धरता वेगवेगळ्या अंदाजांतले अणुविजेचे मधले (मध्यक) उत्सर्जन प्रतियुनिट १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके आहे. कोळशाचे ८२० ग्रॅम आहे. एवढे सांगून थांबले, तर खर्चाचा आणि वेळेचा प्रश्न समोरून येतोच. फिनलंडची ओल्किलुओतो-३ ही अणुभट्टी २००९ मध्ये सुरू व्हायची होती, ती नियमितपणे २०२३ मध्ये चालू झाली. फ्रान्सची फ्लामनव्हील-३ ही २०१२ ऐवजी २०२४ च्या डिसेंबरमध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. हा विलंब आपण स्वतःच मांडलेला बरा.

जनमत सर्वेक्षणांवर किती विसंबावे?

प्रश्न कसा विचारला हे पाहिल्याशिवाय विसंबू नये. स्वीडनमध्ये मार्च १९८० च्या सार्वमतात मतदारांपुढे तीन पर्याय होते आणि तिन्ही अणुऊर्जेतून कधी ना कधी बाहेर पडण्याचेच होते; कायमस्वरूपी वापराचा पर्यायच मतपत्रिकेवर नव्हता. पुढे २०१० मध्ये तिथल्या संसदेने जुन्या अणुभट्ट्यांच्या जागी नव्या बांधण्यास परवानगी दिली. मत काळानुसार बदलते आणि अपघातानंतर तर एका आठवड्यात बदलते. म्हणून एका सर्वेक्षणातल्या ६० टक्क्यांना संमती समजणे धोक्याचे आहे.

सगळे नीट समजावूनही लोकांनी नकारच दिला, तर?

तर तो नकार मानावा लागतो, आणि तो बांधकामाआधी घेतलेला बरा. ऑस्ट्रियाने त्स्वेंटेनडॉर्फ येथे संपूर्ण अणुप्रकल्प उभारला आणि तो सुरू करायचा की नाही हे ५ नोव्हेंबर १९७८ रोजी जनतेला विचारले. ५०.४७ टक्के मते विरोधात पडली. फरक सुमारे ३० हजार मतांचा होता. त्याच वर्षी कायदा करून देशात विजेसाठी अणुविखंडन वापरण्यास मनाई करण्यात आली. तो प्रकल्प एक दिवसही चालला नाही. पुढे त्याचे सुटे भाग जर्मनीतल्या त्याच धर्तीच्या प्रकल्पांना उपयोगी पडले, आणि तिथले कर्मचारी सरावासाठी त्स्वेंटेनडॉर्फला येऊ लागले, कारण अणुभट्टीच्या अगदी गाभ्यापर्यंत चालत जाता येईल अशी जागा त्यांना दुसरीकडे मिळत नव्हती.